टॉर्च धरावा कसा?

घरातल्या बहुतेक दिव्यांची जागा एकदाच ठरते. वायरमनने छताला किंवा भिंतीला दिवा बसवला की त्याचा प्रकाश कायम त्याच दिशेने येतो, आणि काही नीट पाहायचं असेल तर ती वस्तू उचलून दिव्याखाली न्यावी लागते. टॉर्चच्या बाबतीत हे उलट होतं. वस्तू जागेवर राहते आणि दिवा हलतो. तो जमिनीला टेकवता येतो, डोळ्याच्या रेषेत धरता येतो, वस्तूच्या मागे नेता येतो. यातल्या प्रत्येक जागेवरून तीच वस्तू निराळं काही दाखवते. दुकानात मात्र आपण टॉर्च घेताना एकच प्रश्न विचारतो, ‘उजेड किती पडतो?’ उजेड टाकायचा कुठून, हा त्याहून मोलाचा प्रश्न आहे. शेतकरी, डॉक्टर, रंगारी, शिलालेख वाचणारे अभ्यासक आणि कोळी शोधत फिरणारे निसर्गप्रेमी आपापल्या कामातून त्याचं उत्तर शिकलेले असतात. त्यांच्या या युक्त्या कोणत्याही घरात उपयोगी पडण्यासारख्या आहेत.

कागदी नळीपासून एलईडीपर्यंत

हातात दिवा घेऊन फिरणं मशाल आणि कंदिलाच्या काळापासून चालत आलं आहे. पण ज्योत आडवी धरता येत नाही, उलटी करता येत नाही, गवताच्या गंजीजवळ नेता येत नाही. ज्योतीशिवायचा हातातला दिवा शक्य झाला तो कोरड्या सेलमुळे. त्याआधीच्या सेलमध्ये काचेच्या बरणीत द्रावण असायचं, आणि ती कलंडली की सांडायचं. 1880च्या दशकात जर्मनीत कार्ल गास्नर यांनी हे द्रावण घट्ट लगद्याच्या रूपात जस्ताच्या डब्यात बसवलं. सेल कसाही धरला तरी चालू लागला.

10 जानेवारी 1899 रोजी डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं. कागदाच्या नळीत एकापाठोपाठ एक ठेवलेले सेल, टोकाला लहानसा बल्ब आणि त्यामागे पितळी परावर्तक, एवढाच तो दिवा होता. कॉनराड ह्यूबर्ट यांच्या न्यूयॉर्कमधल्या कंपनीने तो विकायला काढला, आणि पुढे हीच कंपनी ‘एव्हर रेडी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सुरुवातीचे काही नग न्यूयॉर्कच्या पोलिसांना दिले होते. त्या बल्बमध्ये कार्बनची तार होती आणि सेल लवकर थकत. त्यामुळे बटण दाबून क्षणभर पाहायचं आणि सोडून द्यायचं, अशीच तो वापरण्याची रीत होती. 1910 नंतर टंगस्टनची तार आली आणि सलग उजेड मिळू लागला.

आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी पाहिला तो धातूचा, दोन किंवा तीन सेलचा लांबट टॉर्च. त्याचं तोंड फिरवलं की झोत पसरे किंवा आवळला जाई. मागच्या टोपणात, स्प्रिंगच्या आत, एक जादा बल्ब ठेवलेला असे. उजेड पिवळा पडला की सेल काढून उन्हात ठेवले जात, आणि त्या उपायात तथ्य होतं. सेलमधली रासायनिक क्रिया उष्णतेने वेगाने होते आणि अंतर्गत विरोध कमी होतो. शिवाय सेलला विश्रांती मिळाली की आत साचलेले अडथळे थोडे ओसरतात. नवी ऊर्जा काही तयार होत नाही, उरलीसुरली तेवढी बाहेर पडते. पण रात्री एकदा गोठ्यात जाऊन येण्यापुरतं ते भागायचं.

नंतर एलईडी आले. जुन्या बल्बला मिळणाऱ्या ऊर्जेतला बहुतेक भाग उष्णता होऊन वाया जायचा. एलईडीमध्ये तार तापवावी लागत नाही, अर्धवाहकातून वीज वाहताना थेट प्रकाश निघतो. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, अडत होतं ते निळ्यावर. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो कार्यक्षम करून दाखवला, आणि 2014 साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या टॉर्चचा पांढरा प्रकाश मुळात निळाच असतो. एलईडीवरच्या पिवळ्या लेपात त्यातला काही भाग पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि निळा नि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा भासतो.

खोक्यावरचे आकडे

टॉर्चच्या खोक्यावर बहुधा दोन आकडे असतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांनी मिळून किती प्रकाश बाहेर पडतो तो. झोताचं अंतर मात्र तो प्रकाश किती आवळून फेकला आहे त्यावर ठरतं. म्हणूनच कमी ल्युमेनचा, खोल परावर्तकाचा टॉर्च लांब पोहोचतो आणि जास्त ल्युमेनचा पसरट टॉर्च अंगणापुरता राहतो.

अंतराचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार, प्रकाश 0.25 लक्सइतका उरतो ते अंतर खोक्यावर छापलं जातं. 0.25 लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. म्हणजे 100 मीटर लिहिलं असेल तर 100 मीटरवर फक्त चांदणं पोहोचतं. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, या नियमाने 50 मीटरवर 1 लक्स, 10 मीटरवर 25 लक्स आणि 3 मीटरवर पावणेतीनशेच्या आसपास लक्स मिळतात. वाचनाला पुरेल इतका उजेड हा साधा टॉर्च हातभर अंतरावरून सहज देतो. त्यामुळे घरातल्या बहुतेक कामांत अधिक शक्तीच्या टॉर्चने फरक पडत नाही, जवळ नेल्याने आणि कोन बदलल्याने पडतो.

जमिनीलगत, आडवा

सुई पडली, कानातल्याची फिरकी पडली, चष्म्याचा बारीक स्क्रू पडला, की आपण उभ्यानेच खाली टॉर्च मारतो आणि काही दिसत नाही. टॉर्च फरशीवर आडवा ठेवावा आणि झोत हळूहळू फिरवावा. वरून पडणाऱ्या प्रकाशात 1 मिलिमीटर उंचीच्या कणाला सावलीच नसते. तोच प्रकाश फरशीशी 5 अंशांचा कोन करून आला तर त्या कणाची सावली सुमारे 11 मिलिमीटर लांब पडते. शोधायची असते ती सावली, वस्तू तिच्या टोकाला सापडतेच. काचेचा ग्लास फुटला तर झाडून झाल्यावर ही तपासणी जरूर करावी. केरसुणीतून सुटलेली कुसळाएवढी काच आडव्या प्रकाशात चमकते आणि लहान मुलांचे पाय वाचतात.

चांगला रंगारी भिंतीला पुट्टी मारून घासून झाली की दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतो. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवरचे उंचवटे, घासपेपरचे ओरखडे, थापीच्या रेघा लगेच उठून दिसतात. नवं घर ताब्यात घेताना भिंती आणि फरशा याच रीतीने पाहून घ्याव्यात. फर्निचरवरची पॉलिश किंवा गाडीच्या पत्र्यावरचा पोचा पाहायलाही हाच कोन कामाचा.

झिजलेला शिलालेख वाचण्याची किल्लीही हीच आहे. दुपारच्या उन्हात जी शिळा कोरी वाटते, तिच्यावर संध्याकाळी कडेने टॉर्च धरला की अक्षरांच्या खाचा सावलीने भरतात. एकाच बाजूच्या प्रकाशाने भागत नाही, कारण झोताला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही. डावीकडून प्रकाश टाकल्यावर उभे दंड दिसतात, वरून टाकल्यावर शिरोरेषा. म्हणून टॉर्च शिळेभोवती फिरवत, दर वेळी फोटो घेत वाचन करायचं असतं. 2001 साली टॉम माल्झबेंडर यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत याच कल्पनेला संगणकाची जोड दिली. कॅमेरा स्थिर ठेवून वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकलेली छायाचित्रं एकत्र केली, की पडद्यावर हवा तो कोन निवडून पृष्ठभाग पाहता येतो. जगभरच्या संग्रहालयांत नाणी, मातीच्या इष्टिका आणि कोरीव शिळा आज या पद्धतीने वाचल्या जातात. आपल्या गावच्या वेशीवरचा वीरगळ पाहायला मात्र खिशातला टॉर्च पुरतो. शिळेवर खडू, तेल, शेंदूर काही घासू नये. प्रकाशाने दगडाला इजा होत नाही, घासण्याने होते.

पायापाशी

अंधारात चालताना टॉर्च डोळ्यांजवळ धरला की वाट सपाट दिसते. दिवा आणि डोळा एकाच जागी असल्यामुळे प्रत्येक सावली त्या वस्तूच्या मागेच लपते. कपाळावर बांधायच्या हेडटॉर्चमध्ये हीच अडचण आहे. हात मोकळे राहतात, पण उतारावर खड्ड्याची खोली कळत नाही. म्हणून गड उतरताना अनुभवी ट्रेकर हेडटॉर्च काढून हातात, कमरेच्या खाली धरतात. धुक्यातही हेच करावं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कपाळावरचा टॉर्च लावला तर डोळ्यांपुढच्या धुक्याचे थेंब प्रकाश परत डोळ्यांत फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच दिवा गुडघ्यापाशी नेला की डोळ्यांसमोरचं धुकं फारसं उजळत नाही आणि पायवाट दिसू लागते.

पायापाशी धरलेला टॉर्च जीवही वाचवतो. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतले बहुतेक ग्रामीण भागातले, आणि पावसाळ्यात हे प्रमाण वाढतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिच्या दंशाच्या वेदना इतक्या कमी असतात की पुष्कळदा तो कळतही नाही. शेतपंपाची वीज रात्रपाळीला असली की शेतकऱ्याला दारं मोडायला, पाणी धरायला काळोखातच रानात जावं लागतं. अशा वेळी बॅटरी खाली धरून दोन-तीन पावलं पुढे प्रकाश टाकत जावं. आडव्या प्रकाशात सापाच्या अंगाची सावली पडते आणि पालापाचोळ्यात मिसळलेली घोणसही वेगळी दिसण्याची शक्यता वाढते. जोडीला गमबूट आणि हातात काठी हवी. घरातही अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी जमिनीवर प्रकाश टाकण्याची सवय प्रत्येकाला हवी. सर्पदंश झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे जाणं यांत वेळ न घालवता, चावलेला अवयव न हलवता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने जावं.

डोळ्यांच्या रेषेत

वाट पाहताना अडचणीचा ठरणारा कोन डोळे शोधताना मात्र हवा असतो. मांजर, बिबट्या, हरीण, मगर यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चमकदार थर असतो. आत शिरलेला प्रकाश तो पुन्हा पडद्याकडे परतवतो, म्हणून या प्राण्यांना अंधारात अधिक दिसतं. त्यातला काही प्रकाश आला त्याच वाटेने बाहेर जातो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या अगदी जवळ हवा. टॉर्च कानशिलाला लावून झाडीत पाहिलं की डोळे पेटल्यासारखे दिसतात. टॉर्च कमरेशी नेला की विझतात. कोळ्यांतही हे दिसतं. अंगणातल्या गवतावर असा टॉर्च फिरवला की हिरवट-निळसर ठिणग्या चमकतात. जवळ जाऊन पाहिलं तर तिथे जाळं न विणता धावून शिकार करणारा लांडगा कोळी बसलेला असतो. मुलांना रात्रीच्या निसर्गाची ओळख करून द्यायला याहून सोपा उपक्रम नाही.

माणसाच्या डोळ्यांत असा थर नाही. बाहुली मोठी उघडलेली असताना फ्लॅशचा प्रकाश डोळ्याच्या रक्ताळ पडद्यावरून परततो, म्हणून फोटोत बाहुल्या लाल येतात. तान्ह्या बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची वारंवार पांढरी येत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग यांची ती खूण असू शकते. बाळाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. हा कर्करोग लवकर लक्षात आला तर बहुधा बरा होतो.

डॉक्टरांच्या खिशातला पेनटॉर्च वेगळी माहिती काढतो. एका डोळ्यावर प्रकाश टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात, कारण डोळ्यांकडून आलेला संदेश मेंदूच्या खोडात दोन्ही बाजूंना वाटला जातो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची एक बाहुली मोठी राहिली आणि आकसत नसेल, तर मेंदूवर दाब वाढत असल्याची ती इशारत ठरू शकते. यंत्रं येण्याआधी, रुग्णवाहिकेतच, साधा टॉर्च एवढं सांगून जातो.

वस्तूच्या मागून

काळोखात टॉर्चवर तळहात ठेवला की बोटं लाल दिसतात. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि लाल पलीकडे जाऊ देतं. शस्त्रक्रियेच्या बाह्यरुग्ण विभागात वृषणाची सूज तपासताना डॉक्टर मागून टॉर्च लावतात. आत पाणी असेल तर ती उजळून निघते, घट्ट गाठ असेल तर काळोखी राहते.

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. अंडी उबायला 21 दिवस लागतात. सातव्या दिवसाच्या आसपास, अंधाऱ्या खोलीत, अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावून बोटांनी कडेचा उजेड झाकायचा. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसतो. न फळलेलं अंडं एकसारखं पिवळसर उजळतं. अशी अंडी वेळीच काढली तर ती सडून फुटत नाहीत आणि बाकीच्यांना ऊब नीट मिळते. पूर्वी हे काम मेणबत्तीपुढे अंडं धरून करत. एलईडीच्या प्रकाशात उष्णता फार कमी असल्यामुळे आता ते अधिक बिनधोक झालं आहे, तरी अंडं फार वेळ बाहेर ठेवू नये.

घरातही मागून टाकलेला प्रकाश कामी येतो. रेशमी साडीला कसरीने पाडलेली छिद्रं, पाण्याच्या पारदर्शक नळीत अडकलेला गाळ, औषधाच्या बाटलीत उरलेली मात्रा हे सारं पलीकडून टॉर्च लावला की कळतं.

न दिसणाऱ्या प्रकाशाचा टॉर्च

नोटा तपासण्यासाठी दुकानांत जांभळट प्रकाशाचा टॉर्च वापरतात. तो अतिनील किंवा त्याच्या सीमेवरचा प्रकाश फेकतो. काही पदार्थ हा प्रकाश शोषून दिसणाऱ्या रंगात परत देतात, आणि नोटेवरचे खास तंतू नि आकडे त्यामुळे उजळतात.

विंचू हा असाच एक जीव आहे. त्याच्या कवचातल्या द्रव्यांमुळे अतिनील टॉर्चखाली तो निळसर-हिरवा चमकतो, अगदी काही फुटांवरूनसुद्धा. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र कवच कडक होईपर्यंत चमकत नाही. कोकणात लाल विंचवाचा दंश एके काळी अनेकांचा, विशेषतः मुलांचा, जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून हे मृत्यू खाली आणले. त्या भागात मातीच्या, कौलारू घरात राहणाऱ्यांनी अंथरूण घालण्याआधी लाकडांचा ढीग, चपलांचा कोपरा आणि भिंतीच्या भेगा अशा टॉर्चने पाहून घ्याव्यात. हा झोत कुणाच्याही डोळ्यांत मारू नये. त्याचा बराचसा भाग दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

बोलावणारा प्रकाश

वळवाचा पाऊस पडून गेला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभळीच्या पाल्यावर जमतात. माद्या जमिनीत अंडी घालतात आणि पुढे त्यांच्या अळ्या उसाची मुळं कुरतडतात. पश्चिम महाराष्ट्रातले शेतकरी दिवस मावळल्यावर बॅटऱ्या घेऊन फांद्या झोडपतात, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात, आणि शेतात प्रकाश सापळेही लावतात. अळी झाल्यावर करावा लागणारा औषधाचा मोठा खर्च त्यामुळे टळू शकतो.

कीटक दिव्याभोवती का घिरट्या घालतात याचं एक उत्तर 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळालं. बरेच उडणारे कीटक उजेडाच्या बाजूला पाठ करून उडतात, कारण निसर्गात रात्रीही उजळ बाजू आकाशाचीच असते. जवळ दिवा आला की ते त्याच्याकडे पाठ वळवत राहतात आणि त्याच्याभोवतीच अडकतात. पतंगांचा अभ्यास करणारे याच गुणाचा उपयोग करून पांढरी चादर टांगतात, तिच्यावर प्रकाश टाकतात आणि बसलेल्या पतंगांचे फोटो घेतात. गच्चीवर, पहिल्या पावसानंतर, ही गंमत कुणालाही करून पाहता येईल. तासाभराने दिवा मालवून कीटकांना मोकळं करायला विसरू नये.

मदतीची हाकही टॉर्चने मारता येते. डोंगरातल्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार मिनिटाला सहा वेळा प्रकाश दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा तेच. ज्याला तो दिसला त्याने मिनिटाला तीन वेळा उजेड दाखवून उत्तर द्यायचं. हे आकडे प्रत्येक ट्रेकरला पाठ हवेत.

खेळ आणि कला

पाण्याच्या पारदर्शक बाटलीत दुधाचे चार-पाच थेंब टाकून अंधारात तळाशी टॉर्च लावा. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसतं, वरून पाहिलं तर टॉर्चचा प्रकाश पिवळसर-नारिंगी. दुधातले सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि उरलेला तांबूस पुढे जातो. हवेतल्या रेणूंकडूनही निळा प्रकाश असाच जास्त विखुरतो, आणि दिवसाचं निळं आकाश नि मावळतीचा तांबडा सूर्य त्यातूनच घडतात. दुसरा प्रयोग: बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने टॉर्च धरा. बाहेर पडणाऱ्या धारेखाली तळहात धरला की त्यावर उजेडाचा ठिपका पडतो, कारण प्रकाश धारेच्या आतल्या कडांवरून परावर्तित होत तिच्यासोबत वळत येतो. डॅनियल कोलादों यांनी 1840च्या दशकात हे दाखवलं होतं. आज आपलं इंटरनेट ज्या काचेच्या तंतूंतून येतं, ते याच तत्त्वावर चालतात.

सावल्यांचा खेळही याच घरच्या साधनातून उभा राहतो. प्रकाशाचा उगम जितका लहान तितकी सावली रेखीव, आणि हात टॉर्चच्या जितका जवळ तितकी ती मोठी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी चामड्याच्या बाहुल्या आणि पडद्यामागच्या दिव्याच्या जोरावर रामायणाची आख्यानं पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. घरच्या भिंतीवर हरीण आणि ससा नाचवणाऱ्या मुलाला ही परंपरा जरूर दाखवावी.

टॉर्चने चित्रही काढता येतं. कॅमेऱ्याची झडप 10 ते 30 सेकंद उघडी ठेवून काळोखात टॉर्च फिरवला की त्याची वाट फोटोत रेघ होऊन उमटते. 1949 साली छायाचित्रकार ग्यॉन मिली यांनी फ्रान्समधल्या व्हालोरी इथे पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला, आणि पिकासोने हवेत बैल आणि माणसं रेखाटली. आता ही सोय अनेक मोबाइलमध्येही आहे. मोबाइल स्थिर टेकवला की झालं.

कुठे मालवावा

डोळा काळोखाला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. एक पांढरा झोत ते सगळं क्षणात पुसून टाकतो. लांब लहरींच्या लाल प्रकाशाचा परिणाम मात्र अंधारात पाहणाऱ्या पेशींवर फार कमी होतो. म्हणून आकाशनिरीक्षक टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद लावतात. मे अखेर आणि जूनमध्ये राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी त्याहून पुढे जाऊन टॉर्च बंदच ठेवावा. काजव्यांचं लुकलुकणं ही नर-मादीची बोलणी असतात. झोत पडला की ती थांबतात, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 साली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळायला सुरुवात केली. अंड्यांतून निघालेली पिल्लं क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात. हौशी पर्यटकाचा टॉर्च किंवा मोबाइलचा फ्लॅश त्यांना उलट दिशेला नेऊ शकतो.

निवड आणि निगा

साधे सेल वापरणाऱ्या टॉर्चचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विसरलेला सेल. जस्ताचा डबा स्वतःच वीज देण्यात झिजत जातो, शेवटी फुटतो आणि आतलं रसायन गळून संपर्कपट्ट्या गंजतात. महिनोन् महिने लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत, किंवा दोन सेलच्या टॉर्चमध्ये निदान एक उलटा बसवावा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी वीज वाहणार नाही. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. अल्कलाइन सेल गळला असेल तर ती पांढरी पूड व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावी, हातमोजे घालून. चार्जिंगचा टॉर्च उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, आणि त्याचा सेल फुगलेला दिसला तर वापर लगेच थांबवावा. पावसात वापरायचा तर खोक्यावर आयपीएक्स 4 ही खूण पाहावी, म्हणजे शिंतोड्यांचं भय नाही. आयपीएक्स 7 असेल तर 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो.

मोबाइलचा दिवा सोयीचा आहे, पण संकटात मोबाइल बोलण्यासाठी लागतो, त्याची चार्जिंग उजेडात संपवू नये. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, आणि 26 जुलै 2005च्या पुरात मुंबईचे कित्येक भाग काळोखात बुडाले. अशा वेळी चाचपडत शोधायला लागू नये, म्हणून एक टॉर्च उशाशी, ठरलेल्या जागी, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा.

दुसरा टॉर्च मुलांच्या हातात द्यावा. तो महाग नको, सेल बदलता येणारा आणि पडला तरी चालणारा हवा. कुणाच्या डोळ्यांत मारायचा नाही, एवढा एकच नियम घालावा आणि मग भिंत, फरशी, झाडाचं पान, पाण्याची बाटली, अंगणातलं गवत त्यांचं त्यांना पाहू द्यावं. एकच वस्तू समोरून, कडेने आणि मागून पाहण्याची सवय लहानपणी लागली, तर ती पुढे प्रयोगशाळेत, दवाखान्यात, शेतात आणि संशोधनातही उपयोगी पडेल. दोन सेलमध्ये एवढं शिकवणारं दुसरं साधन घरात क्वचितच सापडेल.